तणाला जागा न देणारी जोडी: बाजरी-ज्वारीत कडधान्य कशासाठी पेरायचं?

जून उजाडला की कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीतल्या घरांमधून गावाला फोन सुरू होतात. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यातून आलेली, वाशीच्या बाजार समितीत माथाडी म्हणून राबलेली आणि आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत नवी मुंबईचीच झालेली ही माणसं. जमीन अजून गावाला आहे. भाऊ, चुलते किंवा वाट्याने घेणारा कुणी ती कसतो. पाऊस झाला का, पेरलं का, एवढी चौकशी जूनमध्ये होते. जुलै-ऑगस्टात फोन उलट्या दिशेने येतो: खुरपणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर रोज परवडत नाही, तण पिकाच्या वर चाललंय, तणनाशकाला पैसे पाठवा.

हा दुसरा फोन येईपर्यंत बरंच हातातून गेलेलं असतं. कोरडवाहू शेतात तणाचा प्रश्न पेरणीच्या दिवशीच बराचसा ठरतो. बाजरी किंवा ज्वारीच्या ओळींमध्ये तूर, मटकी, मूग, चवळी यांपैकी काही पेरलं आहे की ती जागा मोकळी सोडली आहे, यावर पुढच्या खुरपण्या किती लागणार हे अवलंबून असतं. हे नेमकं कसं घडतं ते समजून घेतलं, तर इथे बसूनही गावाकडच्या माणसाशी कामाचं बोलता येतं.

आधी कोरडवाहू भागातलं तण वेगळं का छळतं ते पाहू. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माण-आटपाडीकडे तो साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर, तोही खंड देत देत. ठाण्याच्या पावसात तणाने पाणी प्यायलं तर पिकाला फारसं उणं पडत नाही. तिकडे मात्र तणाने ओढलेलं पाणी थेट कणसातून वजा होतं. त्यात चांगला पाऊस झाला की वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल सुकून जमीन कामाजोगी होईपर्यंत, शेतात पाऊल टाकता येत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत तण झपाट्याने वाढतं.

कोरडवाहू शेतीचा खरा पेच असा आहे: ओल मोजकी म्हणून रोपं विरळ ठेवावी लागतात. बाजरी आणि ज्वारी साधारण ४५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत पेरतात. पेरणीनंतर तीन आठवडे रोपं वीतभर असतात आणि दोन ओळींमधली जमीन उघडी पडलेली असते. पाणी पुरावं म्हणून आपण जी जागा सोडतो ती तण बळकावतं. बरं, पिकाच्या आयुष्याचा पहिला तिसरा हिस्सा हाच सगळ्यात नाजूक. बाजरी तीन महिन्यांची, म्हणजे तिचे पहिले २५-३० दिवस. तूर तर पहिले दीड-दोन महिने इतकी सावकाश वाढते की तणात हरवून जाते. या काळात तणाने गाठलं तर नंतर कितीही खुरपलं तरी उत्पन्न भरून येत नाही.

म्हणजे जागा मोकळी ठेवली तर तण, आणि बाजरीच दाट पेरली तर पाण्याची ओढाताण. या पेचातून सुटायला मधल्या जागेत असं झाड हवं, जे जमीन झाकेल पण बाजरीला हवं असलेलं पाणी आणि अन्न बाजरीला हवं त्याच वेळी मागणार नाही. कडधान्य तिथे बसतं.

सावली, नत्र आणि ओल

माठ, घोळ, दुधाणी, गाजरगवत अशा तणांचं बी फार बारीक असतं. त्यात साठा इतका थोडा की खोलातून जमीन फोडून वर येणं त्याला जमत नाही. म्हणून अशा अनेक बियांमध्ये उजेड ओळखण्याची सोय असते: आपण पृष्ठभागाशी आहोत हे कळलं तरच उगवायचं, एरवी वर्षानुवर्षं पडून राहायचं. नांगरटीनंतर, कोळपणीनंतर (ओळींमध्ये कोळपं फिरवून तण कापल्यावर) तणाची नवी लाट येते ती यामुळे. माती उलटते, खालचं बी वर येतं आणि त्याला ऊन दिसतं.

यातली पुढची गोष्ट मला फार मोलाची वाटते. उन्हातला तांबडा प्रकाश हिरवी पानं मोठ्या प्रमाणात शोषून घेतात. पानांमधून खाली झिरपणाऱ्या प्रकाशात तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा भाग जास्त असतो. बियातलं एक रंगद्रव्य हा फरक ओळखतं. डोक्यावर दुसऱ्याची पानं आहेत असा इशारा मिळाला की बी उगवायचं थांबतं. म्हणजे चवळीच्या पानांचं छत उगवलेल्या तणाला उपाशी ठेवतं आणि न उगवलेल्या तणाला झोपवूनही ठेवतं. शिवाय लव्हाळा आणि हरळी यांना भर ऊन लागतं. सावलीत ती खुरटतात.

दुसरी बाब नत्राची. तृणधान्याची तंतुमुळं वरच्या थरात दाट पसरतात आणि जमिनीतलं नत्र आधी उचलतात. कडधान्याला उरतं थोडं, पण त्याच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतून नत्र मिळवतात. बाजरीने जमिनीतलं घेतलं, तुरीने हवेतलं घेतलं. मधे उपाशी राहिलं तण, कारण माठ-घोळासारख्या तणांना नत्राची भूक मोठी आणि हवेतून मिळवण्याची सोय नाही. युरोपात जव आणि वाटाणा एकत्र पेरून केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. नुसत्या वाटाण्यात तण माजतं, जवाबरोबरच्या वाटाण्यात खूप कमी राहतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कडधान्य शेजारच्या ज्वारीला त्याच हंगामात भरपूर नत्र देतं असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. त्याच हंगामात मिळणारं नत्र फार थोडं असतं. तुरीचा पालापाचोळा गळून आणि मुळं कुजून जो फायदा होतो तो पुढच्या पिकाला. ज्वारीचं खत बंद करू नये. मात्र युरिया साऱ्या रानात फेकून न देता तृणधान्याच्या ओळीलाच द्यावा. फेकून दिला की तो तणालाही पोसतो आणि वर केलेलं सगळं गणित बिघडतं.

तिसरी बाब पाण्याची, आणि इथे तूर-बाजरीची जोडी फार चांगली बसते. बाजरीची मुळं वरच्या थरात, तुरीचं सोटमूळ खोल. बाजरीला पाणी जुलै-ऑगस्टात हवं. तूर त्या वेळी हळू चाललेली असते. सप्टेंबरात बाजरी निघाली की तुरीला मोकळी जागा मिळते, ती फांद्या टाकते आणि परतीच्या पावसाच्या ओलीवर फुलाला-शेंगेला येते. म्हणून आंतरपिकाला, म्हणजे मुख्य पिकाच्या ओळींमध्ये पेरायला, १६०-१८० दिवसांची तूर घेतात. कमी दिवसांची तूर घेतली तर दोघांची गरज एकाच वेळी येते आणि जोडीचा अर्थ उरत नाही.

ज्वारीजवळ आणखी एक हत्यार आहे. तिच्या मुळांच्या केसांतून सॉर्गोलिऑन नावाचं तेलकट द्रव्य पाझरतं आणि ते जवळपासच्या बारीक रोपांची वाढ रोखतं. तणांवर त्याचा परिणाम होतो हे शास्त्रज्ञांनी नीट तपासलं आहे.

बाल्कनीत करता येणारी तपासणी

आपल्या रानात कोणत्या तणाचं बी दडलं आहे हे ऐरोलीच्या बाल्कनीतही पाहता येतं. मे महिन्यात गावाहून येताना शेतातल्या चार-पाच ठिकाणची वरची तीन-चार बोटं माती पिशवीत आणावी, एकत्र करून उथळ ट्रेमध्ये पसरावी, उन्हात ठेवून ओलसर राखावी. दोन-तीन आठवड्यांत जे उगवेल तो रानातल्या बियांच्या साठ्याचा नमुना. सगळं बी एकदम उगवत नाही, त्यामुळे हा पूर्ण हिशेब नव्हे. पण गवतवर्गीय जास्त की रुंद पानांचं, हे कळतं. ओळख पटली नाही तर फोटो गावाकडे पाठवा, तोही वहिनींना किंवा काकूंना. आयुष्यभर वाकून खुरपणाऱ्या बायकांना कोणतं तण कधी उगवतं, कोणतं उपटलं की पुन्हा फुटतं हे जितकं ठाऊक असतं तितकं तणनाशकाच्या दुकानदारालाही नसतं. तणाबद्दलचा निर्णय पुरुषांच्या फोनवर होतो आणि या बायकांना कुणी विचारत नाही, हे मला चुकीचं वाटतं.

एक तण मात्र या ट्रेमध्ये कितीही पाणी घातलं तरी दिसणार नाही, आणि ज्वारीचा तो सगळ्यात वाईट शत्रू आहे.

टारफुला

टारफुला दिसायला गरीब: वीतभर उंची, पांढरी नाजूक फुलं. पण तो ज्वारीच्या मुळांना आतून चिकटलेला असतो. तिचं पाणी आणि अन्न तो शोषतो. ओल असूनही ज्वारी सुकल्यासारखी दिसते ती त्याच्यामुळे, आणि तो जमिनीवर दिसेपर्यंत बहुतेक नुकसान होऊन गेलेलं असतं. एका झाडाला हजारोंनी बिया येतात, धुळीसारख्या बारीक, आणि त्या जमिनीत दहा वर्षांहून जास्त काळ जिवंत राहू शकतात.

या बिया नुसत्या पाण्याने उगवत नाहीत, कारण त्यांचा साठा जेमतेम काही दिवस पुरणारा. जवळ यजमान मूळ, म्हणजे ज्याच्यावर जगता येईल असं मूळ, नसेल तर उगवणं म्हणजे मरण. त्यामुळे त्या मुळांतून पाझरणाऱ्या एका रासायनिक खुणेची वाट पाहतात. या द्रव्यांना स्ट्रायगोलॅक्टोन म्हणतात. त्यातलं पहिलं १९६६ साली कापसाच्या मुळांच्या पाझरातून वेगळं केलं गेलं. वनस्पती आपल्याच शत्रूला बोलावणारी खूण का सोडते, हे कोडं पुढे जवळजवळ चाळीस वर्षं होतं. २००५ साली कळलं की ही हाक मुळात मुळांना मदत करणाऱ्या बुरशीसाठी असते. टारफुला तीच हाक चोरून ऐकतो.

याच चोरीत त्याला फसवण्याची संधी आहे. कापूस, चवळी, भुईमूग यांची मुळंही बी उगवेल असा इशारा देतात, पण टारफुला त्यांच्यावर जगू शकत नाही. बी उगवतं, चिकटायला जागा मिळत नाही आणि मरतं. ज्वारीत चवळीच्या ओळी घातल्या की जमिनीतला हा साठा थोडा थोडा रिता होतो. सावलीने जमीन थंड राहते हाही फायदा.

याचं सर्वात पुढे गेलेलं रूप केनियात आहे. तिथल्या आयसीआयपीई या कीटकशास्त्र संस्थेत मूळचे भारतीय शास्त्रज्ञ झेयाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मका-ज्वारीत डेस्मोडियम नावाचं शेंगवर्गीय पीक लावायची पद्धत बसवली. दशमुळातलं आपलं सालवण याच्या जवळच्या नात्यातलं. मुळात ते लावलं होतं खोडकिडीचे पतंग दूर ठेवण्यासाठी. शेतात टारफुलाही घटल्याचं लक्षात आलं तेव्हा कारण शोधलं गेलं: डेस्मोडियमची मुळं दोन प्रकारची द्रव्यं सोडतात, एक बी उगवायला लावतं आणि दुसरं उगवलेल्या अंकुराला यजमान मुळात शिरू देत नाही. डेस्मोडियमचा चारा होतो, आणि तो वर्षानुवर्षं शेतात राहतो.

कुठल्या रानाला कोणती जोडी

महाराष्ट्रात यावर जुनं काम आहे. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं आणि ते केंद्र आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. अवर्षणप्रवण भागासाठी खरिपातली सर्वात रुळलेली शिफारस बाजरी आणि तूर, दोन ओळींस एक. ४५ सेंटिमीटरवर ओळी धरल्या तर तुरीच्या दोन ओळींमध्ये १३५ सेंटिमीटर अंतर पडतं, आणि त्यातल्या बाजरीच्या दोन ओळी तुरीच्या बाळपणात तिची जमीन राखतात. ही मध्यम ते खोल जमिनीची जोडी. हलक्या मुरमाड रानात तुरीचं सोटमूळ खाली जाऊ शकत नाही. तिथे बाजरीबरोबर मटकी किंवा हुलगा बरा. मटकी जमिनीलगत पसरते आणि पाण्याच्या ताणाला चिवट आहे. मराठवाडा-विदर्भात खरीप ज्वारीबरोबर तूर घेतात, किंवा मूग-उडीद. ते तुरीपेक्षा लवकर, साधारण सव्वादोन महिन्यांत मोकळे होतात.

शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, मामला वेगळा. रब्बीत पाऊस संपलेला असतो, पेरणीआधी कुळवाच्या पाळ्या झालेल्या असतात, त्यामुळे तण मुळातच कमी. साठलेल्या ओलीवर एकच पीक जेमतेम उभं राहणार असेल तर तिथे तणासाठी म्हणून कडधान्य घालण्यात अर्थ नाही.

तूर मधल्या ओळीत पेरायला तिफणीमागे (पेरणीच्या अवजारामागे) सरता, म्हणजे बी सोडायची वेगळी नळी, बांधण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे. बियाणं एकत्र कालवून एकाच ओळीत पेरणं सोपं वाटतं, पण मग कोळपं चालत नाही. ओळी वेगळ्या आणि कोळप्याच्या पासेला (पात्याला) जमतील एवढ्या अंतरावर असाव्यात, कारण पहिली कोळपणी कडधान्य असलं तरी चुकत नाही. पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत ती करायचीच. पानांचं छत तयार व्हायला साधारण महिना लागतो, तोवर ते रान राखू शकत नाही. छत वाचवतं ती पुढची खुरपणी. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत ज्वारी-तुरीच्या ओळींमध्ये चवळी-मूग घालून पाहिलं होतं. तिथेही एका खुरपणीची जागा ही पिकं घेऊ शकतात असं दिसलं. एक खुरपणी म्हणजे थोडं वाटेल. पण मजूर न मिळण्याच्या ऐन आठवड्यात तीच एक खुरपणी पीक वाचवते किंवा घालवते.

एकूण उत्पन्न वाढतं की घटतं, हे मोजायची रीत सोपी आहे. समजा, नुसती बाजरी एकरी ६ क्विंटल होते आणि नुसती तूर ४ क्विंटल. हे आकडे फक्त हिशेबासाठी. एकत्र पेरल्यावर बाजरी ५ आणि तूर २ मिळाली. बाजरी कमी झाली म्हणून भाऊ नाराज होईल. पण ५ भागिले ६ म्हणजे ०.८३ आणि २ भागिले ४ म्हणजे ०.५, बेरीज १.३३. एवढंच धान्य वेगवेगळं पिकवायला एक एकर तेरा गुंठे लागले असते.

याहून महत्त्वाचं आहे ते जोखमीचं गणित. इक्रिसॅटच्या राव आणि विली या शास्त्रज्ञांनी १९८० साली ज्वारी-तुरीच्या ९४ प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. ठरावीक किमान उत्पन्नाच्या खाली जाणं म्हणजे बुडणं असं धरलं, तर नुसती तूर पाच वर्षांतून एकदा बुडत होती, नुसती ज्वारी आठ वर्षांतून एकदा आणि दोन्ही एकत्र असलेलं रान ३६ वर्षांतून एकदा. दुष्काळी तालुक्यात ज्याचं घर शेतावर चालतं त्याला सरासरी उत्पन्नापेक्षा हा आकडा जास्त कळतो.

जिथे हे पुरत नाही

हरळी, लव्हाळा आणि काळ्या रानातला कुंदा यांची खोडं-गाठी जमिनीत खोल असतात. सावलीने ती दबतात, मरत नाहीत. उन्हाळ्यात खोल नांगरट करून, काश्या (जमिनीतली खोडं) वेचून, रान तापू देऊनच त्यांचा जोर मोडतो. तणनाशकाचा मार्गही आंतरपिकात अरुंद होतो. ज्वारीत चालणारं अ‍ॅट्राझीन कडधान्याला मारक आहे आणि रुंद पानांच्या तणांसाठीचं २,४-डी तुरीलाही मारतं, कारण तूर रुंद पानांचीच. इथून पैसे पाठवताना हे सांगायलाच हवं. आंतरपीक आहे हे न सांगता दुकानातून बाटली आणली गेली तर जोडीतलं एक पीक जाणार.

पावसाने ऑगस्टात मोठा खंड दिला तर मधली दाट चवळी ओल ओढू लागते. तेव्हा शेंगांचा मोह सोडून ती हिरवीच कापावी आणि जनावरांपुढे टाकावी. मुख्य पिकाची ओल वाचते आणि चाराही होतो.

आणि एक अडचण शेताबाहेरची आहे. बाजरी निघाल्यावर आजूबाजूची रानं मोकळी होतात आणि गावची जनावरं त्यांत सुटतात. तूर मात्र डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी. एकट्याच्या रानातली तूर राखणं अवघड, रानडुकरांचा त्रास असेल तिथे तर फारच. त्यामुळे अनेक जण तूर आवडत असूनही पेरत नाहीत. एकाच शिवारातल्या लगतच्या चार-पाच जणांनी मिळून पेरली तर राखण वाटून घेता येते. लगतच्या बांधाचे मालक पुष्कळदा इथेच कोपरखैरण्यात, दोन गल्ल्या सोडून राहतात आणि गावच्या मंडळाच्या बैठकीला दर महिन्याला भेटतात. तेव्हा ही बोलणी मे महिन्याच्या बैठकीतच उरकता येतील, सरता बांधायच्या आधी.